दोन किलो आठशे

दशरथरावांनी जावयाच्या गाडीची डिकी उघडली आणि ओशाळून मागे पाहिलं. बाळासाठी आणलेल्या सीटमध्ये तांदळाचं पुडकं अजून तसंच होतं. दुपट्यात गुंडाळलेलं, पट्ट्यांनी बांधलेलं.

"बाबा, हे काय?" हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअरवर बसलेल्या संपदाने विचारलं.

"सराव केला," दशरथराव म्हणाले. "दोन किलो आठशे. काट्यावर मोजून भरला, बाळाएवढा."

"हसवू नका हो, टाके ओढतात," संपदा पोट धरून म्हणाली.

बाळ तीन दिवसांचं होतं. जन्माआधी काही विकत आणायचं नाही, हे मृणालिनीबाईंनी लेकीला आणि नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. त्यामुळे सीट आली ती नात झाल्यावरच. मग पहिल्या दोन संध्याकाळी दशरथराव इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीत बसून होते. माहितीपुस्तिका गुडघ्यावर ठेवायची, सीट बसवायची, तांदूळ बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा.

मृणालिनीबाई मागच्या सीटवर मधोमध बसून तयार होत्या. मऊ, जुनी सुती साडी त्या मुद्दाम नेसून आल्या होत्या.

"हिला मी रिक्षातून आणलं होतं, मांडीवर," त्या संपदाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "पडली का कुठे?"

दशरथरावांनी पुडकं काढून बायकोच्या बाजूला ठेवलं, सीट डाव्या खिडकीपाशी मांडली, तोंड मागच्या काचेकडे केलं. बेल्ट ओढून घेतला आणि बक्कल शोधायला हात खाली घातला. हात रिकामाच फिरला. पुन्हा फिरवला. बक्कल नव्हतं.

"रोशनराव, इथे बेल्ट अडकवायचं बक्कल होतं."

रोशन आत डोकावला. बाळ घरी येणार म्हणून त्याने कालच गाडीला नवी कव्हरं बसवून घेतली होती. बदामी रंगाची, प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

"कव्हरवाल्याने आत दाबलं वाटतं, बाबा. म्हणाला, पीछे कौन लगाता है, साब." रोशनने मान खाजवली. "घरी, जेसल पार्कपर्यंत तर जायचंय. मी हळू चालवतो ना."

"साहेब, गाडी पुढे घ्या," वॉचमन म्हणाला. "मागे लाइन लागली."

दशरथरावांच्या हातात बेल्टचं टोक होतं. पुस्तिकेत काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. पण आपण वाचलेलं खरं असलं, तरी ते चारचौघांत सांगणारे आपण कोण, असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं. बेल्ट त्यांनी सोडून दिला. तो सरसर वर गेला.

"राहू दे," ते बायकोला म्हणाले. "तू घे मांडीवर."

मृणालिनीबाईंनी हात पुढे केले. बाळाला घेऊन उभ्या असलेल्या शालूमावशी, वॉर्डमधल्या आयाबाई, दारातून वाकल्या. नीट बसायला म्हणून मृणालिनीबाई जरा सरकल्या आणि त्यांच्या मांडीखाली काहीतरी कडक लागलं. त्यांनी चाचपून पाहिलं. कव्हरच्या खाली काडेपेटीएवढा उंचवटा होता.

ते काय आहे हे त्यांना कळलं. दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. नात हातभर अंतरावर होती, दुपट्यातून तिचं नाक तेवढं दिसत होतं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. दशरथराव पुस्तिकेची घडी घालत होते. घडी जमत नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे इथे आहे बघा. मला टोचतंय."

रोशनने कव्हर उचकटून पाहिलं. ते खालून तारेने आवळलेलं होतं. सगळे नव्या शिवणीकडे बघत राहिले. दशरथराव जावयाकडे बघेनात.

"मावशी, कात्री मिळेल?" मृणालिनीबाईंनीच विचारलं.

शालूमावशींनी बाळ संपदाकडे दिलं आणि आतून ड्रेसिंगची कात्री आणली.

"काप रे," संपदा रोशनला म्हणाली.

रोशनने एक डोळा मिटून कापलं. बक्कल वर आलं. दशरथरावांनी बेल्ट पुन्हा ओढला आणि कान देऊन अडकवला. टक् झालं.

दुपटं सोडावं लागलं, कारण पट्टा बाळाच्या पायांमधून जाणार होता. मग ते दुपटं मृणालिनीबाईंनी वरून पांघरलं. दशरथरावांनी खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहिला. चिमटीत येत नव्हता, म्हणजे घट्ट बसला होता. पुन्हा पाहिला.

"बाबा, झालंय," पुढे बसलेली संपदा म्हणाली.

"हो हो. एकदाच."

दशरथराव बायकोच्या उजवीकडे बसले आणि गाडी निघाली. तांदळाचं पुडकं सरकत होतं म्हणून मृणालिनीबाईंनी उचलून मांडीवर घेतलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "नात खुर्चीत आणि आजीच्या मांडीवर तांदूळ."

पूनम सागरच्या इमारती मागे पडल्या, मेट्रोचे खांब सुरू झाले. रोशन खरंच हळू चालवत होता. मृणालिनीबाई एका हाताने पुडक्याला थोपटत होत्या. ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

डावीकडून एक रिक्षा आडवी आली आणि थांबली. रोशनने ब्रेक दाबला. मृणालिनीबाईंनी दोन्ही हातांनी पुडकं धरलं, तरी ते निसटलं, पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं आणि धप्पकन पायांशी पडलं.

"आई, काय पडलं?" संपदाला मागे वळता येत नव्हतं. "आई?"

मृणालिनीबाईंनी डावीकडे पाहिलं. सीट जागची हलली नव्हती. नातीने एक जांभई दिली आणि तोंड मिटलं.

"तांदूळ," त्या म्हणाल्या. त्यांनी मांडीवरची साडी सारखी केली आणि पुन्हा म्हणाल्या, "तांदूळ पडला."