ओला तळवा

इंजिन धडधडत होतं, पट्टा फिरत होता, पंप फिरत होता, आणि पाणी मात्र येत नव्हतं. पाटावर टेकलेल्या लोखंडी नळाच्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडत होती. सोमा विहिरीच्या काठावर उकिडवा बसून सकाळपासून त्या तोंडाकडे बघत होता.

खरं तर हे धूड असंच कोरडं राहावं म्हणून त्यानं नवस बोलायला हवा होता. सोमा मोट हाकायचा. गंगापूरच्या वाटेवरची ही पेरूची बाग सहा वर्षं त्याच्या मोटेवरच भिजत होती. बागेचा मालक गोटीराम सकाळी सगळ्यांसमोर बजावून गेला होता, "दिवस मावळायच्या आत पाणी आलं तर उद्या बैल बाजारात आन् सोमा काम सोडून परत आपल्या गावी, सुरगाण्याला. नाय आलं तर हे लोखंड जिथून आणलं तिथं परत. मग कादर मिस्त्रीचं नाव माझ्यापुढं कोणी काढायचं नाय." आणि गोटीराम एकदा बोलला की त्यात बदल नसे.

पण सोमाचा स्वभावच त्याच्या मुळावर आला होता. पंप छत्तीस सालच्या उन्हाळ्याअखेरीस आला आणि बसवायच्या आत पाऊस लागला. तेव्हा नाशकाहून आलेल्या कादर मिस्त्रीनं तो चार महिन्यांसाठी गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवला. आत तेल फिरवलं, दोन्ही तोंडांत लाकडी बुचं ठोकली, वरून गोणपाट गुंडाळलं. जाताना सोमाला म्हणाला, "आठवड्यातून एकदा याचं चाक हातानं फिरवत जा. नाहीतर दांडा गंजून बसेल." सोमानं ते रोज फिरवलं, कधी दिवसातून दोनदासुद्धा. त्याची बायको झुंबरबाई म्हणायची, "एवढं पोराला खेळवलं असतंस तर ते रडलं नसतं." सोमाला एकच कोडं पडलं होतं. बैल नाहीत, नाडा नाही, मोट नाही, मग पाणी वर चढणार कसं?

दिवाळी झाली आणि आज पंप विहिरीच्या काठावर बसला. कादरनं बुचं काढली, एक नळ विहिरीत सोडला, दुसरा पाटाकडे वळवला आणि पंपाच्या पोटात दोन कळशा पाणी ओतलं. "पहिल्या खेपेला याला आपण पाजायचं," त्यानं सोमाला समजावलं. "आतलं पाणी फिरतं, नळातली हवा ओढतं आणि बाहेर टाकतं. हवा संपली की मागोमाग विहिरीचं पाणी येतं. पुढं हा आपला आपण पितो." सोमाला हे इतकं आवडलं की त्यानं ते तीनदा विचारून घेतलं.

हवा काही संपेना. कादरनं पट्टा आवळला, मग सैल केला. विहिरीतली जाळी वर काढून धुतली. पंप कुठं कललाय का तेही पाहिलं. दुपारी झुंबरबाईनं भाकरी-पिठलं आणून दिलं, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "पोरं किती?"

"तीन. धाकटं अजून अंगावर पितंय," ती म्हणाली.

भाकरी संपवून कादर पुन्हा पट्ट्याशी खेळत बसला. नाशकातला एवढा नावाजलेला मिस्त्री, पण आज त्याच्या हाताला चपळाई म्हणून नव्हती. सोमाला त्याची कीव आली. मदत करावी म्हणून तो दोनदा नळापाशी गेला, आणि दोन्ही वेळा कादर खेकसला, "लांब हो. पट्ट्यात धोतर जाईल."

ऊन कललं. सोमाचं डोकं काही थांबेना. मोटेला भोक पडलं की पाणी बाहेर गळतं, ते आंधळ्यालाही कळतं. पण हा तर ओढणारा. याला भोक पडलं तर बाहेर काय गळणार? काहीच नाही. जे काही व्हायचं ते आतल्या आतच होणार. सोमा ताडकन उठला.

कादर पाठमोरा होऊन इंजिनात तेल घालत होता. सोमानं तळवा घागरीत बुडवला आणि विहिरीत उतरणाऱ्या नळावरून हळूहळू फिरवत नेला. दोन नळ जिथं जोडले होते तिथं तळव्याला गार लागलं. मग वासरानं बोट चोखावं तसा त्या सांध्यानं तळवा ओढून धरला.

"मिस्त्री, इथं हाय. इथून वारा पितोय ह्यो."

कादर वळला. त्यानं सांध्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "असू दे. उद्या बघू."

"उद्या कशाला?" सोमा धावत जाऊन जुन्या मोटेच्या चामड्याची पट्टी घेऊन आला. ती तेलात बुडवून त्यानं सांध्यावर करकचून गुंडाळली आणि वर सुतळीचे वेढे दिले. नळ खोकला, दोनदा थुंकला, आणि मनगटाएवढी धार धाडकन पाटात पडली.

आवाज ऐकून गोटीराम बागेतून लगबगीनं आला. दिवस अजून कासराभर वर होता. त्यानं धारेखाली हात धरला, "शाब्बास मिस्त्री," म्हणाला आणि बैलांचं सांगायला तसाच माघारी गेला.

सोमाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तो पाटात घोटाभर पाण्यात उभा होता, दोन्ही हात धारेत घालून हसत होता. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. झुंबरबाई धाकट्याला कडेवर घेऊन खोपटाच्या दारात उभी होती. तिला मात्र हसू येत नव्हतं.

"मिस्त्री, सापडलं का नाय?" सोमानं विचारलं.

कादरनं हाताचं तेल फडक्याला पुसलं. तो सोमाजवळ येऊन खाली बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मला ते सकाळीच सापडलं होतं, सोमा. मी दिवस मावळायची वाट बघत होतो."