हनुवटीवरचं बोट

कणीक मळता मळता तिनं मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे मेहकरच्या स्वयंपाकघरात आई टेबलावर कोपर टेकून बसली होती. आईनं पाच बोटं तोंडाकडे नेली. जेवलीस का?

आई जन्माची मुकी-बहिरी. लग्न होऊन ही पनवेलला आली, तेव्हा माहेरची खुशाली आईच्या शेजारच्या काकूंच्या तोंडून फोनवर कळायची. मग आईच्या हातात स्मार्टफोन आला आणि मायलेकी रोज संध्याकाळी हातांनी पोटभर बोलू लागल्या.

नेट अडकलं की आईचा चेहरा पडद्यावर थिजायचा. मग हीसुद्धा डोळे वटारून, तोंड वाकडं करून पुतळा व्हायची. चित्र हललं की तिचं ते ध्यान पाहून आई पोट धरून हसायची.

आज लोणच्याचं सांगताना आईनं मध्येच स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. लेकीच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून आईच्या भाषेत तेच तिचं नाव. बोट तिथंच राहिलं. तोंड जरासं वाकडं, नजर एकटक.

“अडकलं बाई नेट,” ती नवऱ्याला म्हणाली आणि कणकेचा हात हवेत धरून पुतळा झाली. हसू दाबत आईची वाट बघत राहिली.

तेवढ्यात आईच्या मागून मांजर आलं, ओट्यावर चढलं आणि दुधाच्या पातेल्यात तोंड घालून निवांत पिऊ लागलं. आईचं बोट मात्र तसंच हनुवटीवर होतं.

“आई! अगं आई!” ती ओरडत सुटली.

आईला तोंडानं हाक मारायची तिची ही पहिलीच वेळ होती.