डावीकडून पहिला

बिभीषणरावांनी हॉलमध्ये पाय ठेवला आणि थेट रणगाड्यांच्या फोटोंच्या भिंतीकडेच वळले. मागून बायको लंकाबाई आणि नात पूजा, दोघी जवळजवळ पळत होत्या.

एकाहत्तरच्या लढाईच्या फोटोंचं प्रदर्शन नगरला भरलं होतं. "टँकपुढं आमी चौघं उभं, आन् डावीकडून पहिला मी," हे बिभीषणराव चोपन्न वर्षं सांगत आले होते. पण फोटो ज्यानं काढला त्यानंच तो नेला. घरात कुणी तो कधी पाहिला नाही. त्यामुळे सुप्याच्या स्टँडवरची टवाळ मंडळी त्यांना त्याच नावानं हाक मारायची. "काय डावीकडून पहिले, चहा घेणार?" ते हसून चहा घ्यायचे, पण त्या दिवशी घरी भाकरी अर्धीच खायचे. लंकाबाईंच्या ते बरोबर ध्यानात यायचं.

"ह्यो बग," तिसऱ्या फोटोपाशी थांबून बिभीषणराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम पोरासारखा झाला होता. "ह्यो आमचा गनर. ह्यो वायरलेसवाला. आन् हे दफेदार सायब. आमी पंजाबात उसाच्या रानात टँक दडवला हुता, त्याच दिवशीचा हाय."

त्यांचं बोट डावीकडे सरकलं आणि थांबलं. फोटोत तिघेच होते. चौथा जिथे असायला हवा, तिथे फोटोच्या कडेला एक दुमडलेली बाही होती आणि तिच्यातून आलेला एक कोपर. बाकी काही नाही.

टेबलामागचा तरुण जवान उठून आला. "बाबा, हा फोटो एका घरी ट्रंकेत पडून होता. ती कड वाळवीनं खाल्लेली, म्हणून कापावी लागली. दुसरी प्रत नाही."

"नसूंदे," बिभीषणराव म्हणाले.

प्रत्येक फोटोखाली कोरी जागा ठेवली होती. कुणी ओळखीचं दिसलं तर नाव चिठ्ठीवर लिहून तिथे लावायचं, असा बोर्ड होता. बिभीषणरावांनी तिघांची नावं गावासकट लिहिली. त्यातले दोघे आता नव्हते. चिठ्ठ्या लावून झाल्यावर त्यांनी पेन परत दिलं.

"आबा, तुमचं नाव?" पूजानं विचारलं.

"कोपराखाली नाव लावू व्हय? लोक हसत्याल," ते म्हणाले आणि भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसले.

तेवढ्यात पूजाला समोरच्या भिंतीवर काहीतरी दिसलं. "आजी, इकडे ये बरं जरा."

फोटोखाली छापलं होतं, 'केडगाव, डिसेंबर १९७१. विमानहल्ल्यापासून बचावासाठी शाळेच्या आवारात खंदक खोदताना गावकरी.' आणि त्या सगळ्या गावकऱ्यांपुढे, पदर खोचून, कुदळ खांद्याच्या वर उचललेली एक सतरा वर्षांची पोरगी फोटो काढणाऱ्याकडे अशी बघत होती, की आणखी पुढे आलास तर कुदळ तुझ्याच डोक्यात घालीन.

ती लंकाबाईच होती. ती माती त्यांना आठवली, ओली, काळी. गावात दिवे बंद असायचे, आई चिमणीवर पाटी पालथी घालायची. लग्न ठरलं होतं आणि ठरल्या ठरल्या नवरदेवाला पलटणीची तार येऊन तो सीमेवर निघून गेला होता. त्याला एकदाच पाहिलेलं, तेही ओझरतं. विमान येईल म्हणून त्या खणत नव्हत्या. तिकडे तोही असाच मातीत असेल, एवढंच डोक्यात होतं, आणि कुदळ थांबत नव्हती. ती पोरगी इतकी देखणी होती हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, याचं त्यांना आत्ता, एकाहत्तराव्या वर्षी, वाईट वाटलं.

लोक जमले. जवानानं नाव विचारून चिठ्ठी लावली. एका बाईंनी लंकाबाईंना त्या फोटोशेजारी उभं करून मोबाईलवर फोटो घेतला. गलका ऐकून बिभीषणरावही आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"तू खंदक खनलेला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

"लई चांगला आलाय गं तुजा," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. मग पुन्हा खुर्चीकडे गेले.

लंकाबाईंना ते सोसेना. आपण घरी राहिलो आणि नाकाडोळ्यांसकट भिंतीवर लागलो. आणि बावीस वर्षांच्या ज्या पोरानं सुरुंगांतून टँक हाकला, त्याच्या वाट्याला कोपर. त्या तडक टेबलाशी गेल्या.

"एक चिट्टी द्या."

"नाव सांगा आजी, मी लिहितो."

"मी लिवते."

लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. पण पलटणीच्या पत्त्यावर पाठवायच्या पाकिटांवर ते शेकडो वेळा लिहिलं होतं. हात आपोआप चालला. 'बिभीषण रखमाजी शेळके, ड्रायव्हर.' त्यांनी चिठ्ठी नेली आणि कोपराच्या बरोबर खाली दाबून लावली. खुर्चीतून बिभीषणराव बघत होते.

जवान अवघडला. "आजी, तसं नाही, पण चेहरा नाही यात. नुसत्या कोपरावरून कसं ओळखायचं?"

"त्रेपन्न वर्सं रोज रातीला माज्या बरगडीत बसतोय ह्यो," लंकाबाई म्हणाल्या. "मी न्हाई वळखायचा, तर कुनी?"