पुस्तकातला भाऊ

श्रावस्ती गायकवाड यांची कादंबरी मुरूम गावच्या शाळेतल्या पोरांनी वाचून काढली होती. तिच्यात भूकंपाच्या ढिगाऱ्याखालून पाच वर्षांचा बुद्धघोष दुसऱ्या दिवशी जिवंत निघतो. तो आपलाच धाकटा भाऊ, असं शाळेत भेटीला आलेल्या श्रावस्तीताईंनी मुलांना सांगितलं, तेव्हा सहावीतली शिवांजली उठून उभी राहिली.

“मॅडम, मग तो आता काय करतो?”

हा प्रश्न गावोगावी यायचा आणि श्रावस्तीताई दर वेळी हसून विषय बदलायच्या. पण त्र्याण्णव साली त्यांचं घर पडलं ते इथून जवळच. इथं खोटं बोलायला जीभ रेटेना.

“तो जिता निघाला न्हाय गं,” त्या म्हणाल्या. “आईनं दिवसभर हाका मारल्या त्याला. खऱ्यात वाचवता आलं न्हाय, म्हणून मी त्याला पुस्तकात तरी बाहेर काढलं.”

सरांनी घाईघाईनं आभार मानून टाकले. सह्या घेऊन पोरं पांगली, तरी शिवांजली टेबलापाशीच उभी होती. तिच्या हातात वही नव्हती.

“माझ्या भावाला पण घ्याल का पुस्तकात?”

श्रावस्तीताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मिटलेलं पेन पुन्हा उघडलं.

“घेते की. नाव काय त्याचं?”

पोरगी खाली बघत म्हणाली, “बारशाच्या आधीच गेला तो. नाव तुमीच ठेवा.”