साथ

धर्मपाल कांबळे ढोलकी वाजवायचे आणि त्यांची बायको चांगुणा गायची. जयंतीच्या दिवसांत त्यांना मोहोळ, बार्शीपर्यंत बोलावणं असायचं. निवेदक माइकवर सांगायचा, "गायिका चांगुणाबाई, आणि ढोलकीची साथ, धर्मपाल." करोनाच्या साथीत चांगुणा गेली. त्यानंतर ते दुसऱ्या कुणाच्या साथीला बसले नाहीत.

यंदा सोलापुरात त्यांच्या वस्तीत डेंग्यूची साथ आली आणि आशा सेविका प्रतीक्षा दर सोमवारी दारात येऊ लागली. पाण्याच्या पिंपात बॅटरी मारायची, "ताप न्हाय ना, बाबा? जेवलात का?" असं विचारायची. धर्मपाल तिला चहा द्यायचे आणि चांगुणाच्या गाण्यांचं सांगायचे. ती उभ्याउभ्याच, पण ऐकून घ्यायची.

या सोमवारी मात्र पिंपात वाकून ती वैतागलीच. "बाबा, परत अळ्या? सगळ्या गल्लीत तुमच्याच घरी सापडत्यात. पिंप घासून झाकून ठेवा म्हणलं हुतं की."

"घासतो, पोरी."

"साथ संपत आलीय. पुढच्या खेपेला पाणी चांगलं निघालं, की माझं हितलं येणं बंद."

"व्हय," धर्मपाल म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी पिंप पालथं केलं, घासलं, उन्हात ठेवलं. दुपारी नळाला पाणी आलं तेव्हा काठोकाठ भरलं. झाकण हातात घेऊन ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पिंप उघडंच ठेवून त्यांनी झाकण कॉटखाली सरकवलं.