गावाचा फळा

"अण्णा, अजून दोन दिवस राहू द्या की ते नाव," शेजारचा म्हादबा कळवळून म्हणाला.

चावडीपुढच्या फळ्यावर गावातल्या जन्म-मरणाच्या बातम्या अण्णाच लिहायचे, चित्रासकट. बायको सुंदरा गेली तेव्हाही त्यांनीच लिहिलं, नावाशेजारी समई काढली. सुतक फिटेपर्यंत फळ्याला कुणी हात लावला नव्हता.

"माळ्यांना नात झालीय. तिचा पाळणा कोण काढणार?" असं म्हणत अण्णांनी कोरड्या फडक्याने सुंदराचं नाव पुसलं. पाळणा काढला. त्यावर दोन चिमण्याही टांगल्या.

घरी येऊन त्यांनी सवयीने फडकं मोरीत टाकलं. चाळीस वर्षं ते तीच धुवायची.

मग दचकून त्यांनी ते उचललं. खडूची पूड सांडू न देता जपून घडी घातली आणि तिच्या ट्रंकेत ठेवली.