लाइनआउट

कर्मचाऱ्यांत एकोपा वाढावा म्हणून अंबडच्या एका कारखान्याने रविवारी सगळ्यांना रग्बी खेळायला बोलावलं. प्रशिक्षकाने लाइनआउट समजावून सांगितलं. दोन्ही संघ शेजारी-शेजारी रांगा करतात, मधून चेंडू फेकला जातो आणि दोघं जण आपल्या एका गड्याला वर उचलतात, म्हणजे तो हवेतच चेंडू झेलतो. वर कोण जाणार, हे ब्याण्णव किलोच्या जनरल मॅनेजरांनी स्वतःच ठरवलं. उचलायला असेंब्ली विभागातले कामगार अन्सार आणि मयुरेश होते.

चेंडू हातात आला, फोटो निघाला, तरी साहेबांना खाली यायचं नव्हतं.

"असंच धरा रे, वरूनच दोन शब्द बोलतो. कंपनीला पुढे न्यायचं तर खर्च कमी करावा लागतो. म्हणून एक तारखेपासून असेंब्ली बंद. तिथल्या सगळ्यांना माझ्या शुभेच्छा!"

टाळ्या ऑफिसवाल्यांनी वाजवल्या. खालचे चार हात सैल होताना पाहून प्रशिक्षक ओरडला, "सोडू नका! आपल्या टीमच्या माणसाला पाय टेकेपर्यंत धरायचं असतं!"

 

मयुरेशने साहेबांच्या मांडीआडून डोकं काढून विचारलं, "अन्सारभाई, हा आपल्या टीमचा आहे का?"